सिसली कुणाची

टॉमसिन थर्लोच्या घरामागे काटेरी झुडपांचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे खाजण. भरतीचं पाणी आत शिरलं की खाजणातली पायवाट बुडायची, ओहोटी लागली की चिखल माखून पुन्हा वर यायची. त्या वाटेच्या टोकाला एव्हिस पेलची झोपडी होती. टॉमसिन अंगणात लोणी काढायला बसली, की वारा तिकडून यायचा आणि वाऱ्याबरोबर तिच्याच मुलीचं हसणं तिच्या कानावर पडायचं.

घरात सिसली हसत नसे. सांगितलेलं काम करायची, कोंबड्यांना दाणे घालायची, पाणी आणायची आणि हात मोकळे झाले की दाराकडे बघत उभी राहायची. सात वर्षांची पोर, पण आईसमोर अशी वागायची जणू पाहुणी आलेय आणि यजमानीण कधी झोपायला जाते याची वाट बघतेय.

यात पोरीची चूक नव्हती, हे टॉमसिनला आतून कळत होतं. सिसलीच्या आधी तिनं तीन मुलं चर्चच्या आवारात पुरली होती. पहिल्याच्या वेळी ती इतकी रडली की ॲम्ब्रोजनं, तिच्या नवऱ्यानं, तिला शेजारच्या गावी बहिणीकडे नेऊन ठेवलं. दुसऱ्याच्या वेळी कमी रडली. तिसऱ्याच्या वेळी मातीत मूठ टाकून सरळ घरी आली आणि दूध तापवायला ठेवलं. सिसली झाली तेव्हा तिनं मनाशी ठरवलं होतं, ही जगली-वाचली तर मग लाड करू. आधी जगू दे. पोर जगली, रांगली, चालायला लागली. लाड करायचे म्हणून टॉमसिननं एक दिवस हात पुढं केले, तर पोर बिचकली. तोवर तिला दुसरी मांडी ओळखीची झाली होती.

ती मांडी एव्हिसची. एव्हिस पेल साठीकडे झुकलेली विधवा. मूलबाळ नाही, जमीन नाही. एक शेळी, दोन पेटारे आणि राखी मानेचा एक पाळलेला छोटा कावळा, हा तिचा सगळा संसार. गावात कुणाची गाय अडली, कुणाची बाई अडली, की पहिली हाक तिला. सिसली जन्मली तेव्हाही तीच होती. नाळ गळ्याभोवती गुंडाळलेली, अंग निळंजांभळं. जमलेल्या बायकांनी माना फिरवल्या होत्या. एव्हिसनं पोरीच्या तोंडाला तोंड लावलं आणि हळूहळू फुंकर घालत राहिली, इतका वेळ की कुणीतरी म्हणालं, पुरे आता, गेली ती. तेवढ्यात पोर रडली.

बारशाला ॲम्ब्रोजनं बियरचा पेला उंच धरून सगळ्यांसमोर सांगितलं, "पोर आमची, पण तिचा पहिला श्वास पेलमाईचा." सगळे हसले. टॉमसिनही हसली. पुढं कुठल्याही सणाला, कुठल्याही जेवणात ते वाक्य निघायचंच आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आपण नऊ महिने वाहिलं त्याचं काहीच नाही, हिनं फुंकर घातली तर ही पोरीची धनीण झाली.

एक दिवस सिसली घरी आली ती केसांची वेगळीच वेणी घालून. चार पेडांची, कानावरून वळवून मागं नेलेली.

"हे कुणी केलं?"

"पेलमाईनं. मी म्हटलं मला राणीसारखी घाल. ती म्हणाली राणीची कशी असते ते मला कुठं माहीत, आपण तुझी घालू."

टॉमसिननं तिला स्टुलावर बसवलं आणि वेणी सोडली. फणी ओढताना पोरीचं डोकं मागं झुकत होतं, पण तिनं चकार शब्द काढला नाही. ओरडली असती तर टॉमसिनला बरं वाटलं असतं.

त्या वर्षांत उन्हाळे पावसात जात होते. जव शेतातच कुजायचा, पावात वाटाण्याचं पीठ मिसळावं लागे आणि माणसं एकमेकांच्या चुलीकडे बघून बोलत. गावात ताप आला तेव्हा सिसलीनंही अंथरूण धरलं. टॉमसिन तिच्या उशाशी बसून होती, ओल्या फडक्यानं कपाळ पुसत होती. पोरीनं डोळे न उघडता हाक मारली, "पेलमाई."

"मी आहे बाळा. आई आहे."

"पेलमाईला सांग ना."

ॲम्ब्रोज दारात उभा होता. त्यानं टोपी घातली.

"कुठं निघालात?"

"तिला आणतो."

"मी बसलेय ना इथं. मी काय मेलेय?"

"टॉमसिन, पोर हाक मारतेय," तो म्हणाला आणि गेला.

एव्हिस आली. तिनं कसलासा पाला उकळला, पोरीला मांडीवर घेतलं आणि चमच्यानं पाजत बसली. संध्याकाळपर्यंत सिसलीला घाम फुटला, ताप उतरला. ॲम्ब्रोजनं म्हातारीचे दोन्ही हात धरले. टॉमसिन चुलीपाशी पाठ करून उभी होती. पोर वाचली याचा आनंद तिला झाला, खरंच झाला. पण तिच्या पोटात दुसरंही काही पेटलं होतं. आपल्या हातून वाचली असती तर, असं तिला वाटत होतं. आणि त्याच्याही खाली, जिथं माणूस स्वतःलाही नेत नाही, तिथं असंही वाटून गेलं की हिच्या हातून वाचण्यापेक्षा... तिनं तो विचार पुरा होऊ दिला नाही.

त्याच हिवाळ्याच्या तोंडाला टॉमसिन पुन्हा बाळंत झाली. कळा सुरू झाल्या तेव्हा ॲम्ब्रोज टोपी शोधू लागला. तिनं त्याला बजावलं, "ती बाई या घरात आली तर मी उठून खाजणात जाईन. मार्जरीला बोलवा."

मार्जरी टेंच शेजारीण. तिला सहा लेकरं होती आणि सगळ्या गावाची खबर तिच्या जिभेवर. बाळंतपण करण्याची तिची ख्याती मात्र नव्हती. मुलगा झाला. त्याचं नाव नेड ठेवलं. पहिल्या दिवसापासून तो नीट ओढत नव्हता. तोंडात दूध घ्यायचा आणि ओठाच्या कोपऱ्यातून सांडायचा.

सिसली पाळण्याशी उभी राहून बघायची. "आई, पेलमाईला येतं हे. टेंचबाईच्या धाकट्याला तिनं असंच शिकवलं होतं, बोट घालून. बोलावू?"

"नाही."

"पण तिला येतं."

"एकदा सांगितलं ना, नाही."

त्या दुपारी सिसली पुन्हा दिसेनाशी झाली. टॉमसिननं बाळ मार्जरीकडे दिलं आणि ओहोटी बघून पायवाट धरली. झोपडीचं दार उघडं होतं. आत पोर जमिनीवर बसली होती, दंडावर तो कावळा, आणि वाटीतलं शेळीचं दूध ती त्याला बोटानं पाजत होती. कावळ्यानं मान वाकडी केली आणि एव्हिसच्या खरखरीत आवाजात म्हणाला, "सिसली. ये, सिसली."

टॉमसिनच्या अंगावर काटा आला. घाबरून नव्हे. या घरातल्या पाखरालासुद्धा तिच्या मुलीचं नाव येत होतं, म्हणून.

"सिसली, घरी चल. आत्ता."

पोर उठली, कावळ्याला खाली ठेवलं, एकदा म्हातारीकडे बघितलं आणि गेली. ते बघणं टॉमसिनला झोंबलं. परवानगी मागितल्यासारखं होतं ते.

"बस की," एव्हिस म्हणाली. "बाळ कसं आहे?"

"मी बसायला नाही आले. एक सांगायला आले. पोरीला येऊ देऊ नका इथं."

"मी बोलावत नाही तिला. येते."

"मग हाकलून द्या. दोन शब्द कडक बोला. शेळी मारेल म्हणावं, घरात रोग आहे म्हणावं. एकदा दुखावली की नाही यायची."

एव्हिसनं हातातलं सूत बाजूला ठेवलं. "ते मला नाही जमायचं. तुला तिनं यायला नको असेल तर तू सांग तिला. माझ्या तोंडून का वदवतेस?"

 खरं उत्तर टॉमसिनला माहीत होतं, की मी सांगितलं तर ती माझाच रागराग करील.

"पोर राहू दे," एव्हिस पुढं म्हणाली. "तुझं तान्हं ओढत नाही म्हणे. मी येऊन बघते. घटकाभर बघते आणि जाते."

"माझ्या बाळाला हात लावायचा नाहीस तू." आजवर तुम्ही म्हणणारी टॉमसिन आता तूवर आली होती.

म्हातारीही चिडली. रोज चार माणसांचं ऐकून घेणारी बाई होती ती, पण दगड नव्हती. झोपडीबाहेर पडलेल्या टॉमसिनच्या मागं येऊन ती दारातून म्हणाली, "अशीच वागत राहिलीस ना टॉमसिन, तर एक दिवस तुझी मांडी रिकामी राहील."

मार्जरी टेंचनं नेडला आपल्या थोरलीकडे दिलं होतं आणि काय होतंय ते बघायला ती खाजणातल्या बोरूच्या जाळीपर्यंत आली होती. तिनं ते ऐकलं.

पुढच्याच आठवड्यात नेड गेला.

टॉमसिननं या वेळी मातीत मूठ टाकली आणि तिथंच खाली बसली. तिला काय वाटत होतं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. एव्हिसला बोलावलं असतं तर कदाचित नेड जगला असता. आपण बोलावलं नाही. हेवा वाटला म्हणून बोलावलं नाही. ही गोष्ट छातीवर घेऊन जगणं तिला शक्य नव्हतं. म्हणून मार्जरी शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत "मी ऐकलं बाई, ती काय म्हणाली ते. मांडी रिकामी राहील म्हणाली. माझ्या कानांनी ऐकलं," असं म्हणाली, तेव्हा टॉमसिननं ते बुडत्यानं ओंडका धरावा तसं धरलं.

मार्जरीलाही तिची दुःखं होतीच. तिची गाय आटली होती. आणखी कुणाची डुकरं मेली होती, कुणाचं लोणी येत नव्हतं. ज्याच्या त्याच्या मनात काही ना काही सलत होतं आणि ज्यानं त्यानं कधी ना कधी एव्हिसला चिमूटभर मीठ, वाटीभर पीठ नाही म्हटलं होतं. नवे पाद्रीबाबा रविवारी सांगत होते, की सैतान आता डोंगरात राहत नाही, तुमच्या शेजारी राहतो. चार रविवारांत गावाला शेजारी कोण ते कळलं.

ॲम्ब्रोज एकदाच बोलला. "ती नसती तर सिसली नसती."

"आणि ती नसती तर नेड असता," टॉमसिन म्हणाली.

 ॲम्ब्रोज कसायचा ती जमीन सर हम्फ्रींची होती, आणि त्या भागातलं न्यायाचं काम राणीसरकारनं सर हम्फ्रींकडेच दिलं होतं. ॲम्ब्रोज गप्प बसला. आणि पुढंही गप्पच राहिला.

सर हम्फ्रींच्या दिवाणखान्यात शेकोटी धगधगत होती. कारकून लिहून घेत होता. मार्जरीनं गाईचं सांगितलं, डुकरांचं सांगितलं. सर हम्फ्री कंटाळले होते.

"जनावरांवर करणी केली, एवढंच असेल तर वर्षभराची कैद होईल," ते म्हणाले. "कुणी माणूस दगावलंय का?"

वर्षभर. टॉमसिनला वाटलं, पुरे. वर्षभरात मुलं विसरतात. तिला एवढंच हवं होतं, की ती झोपडी बंद व्हावी आणि पोरीला दुसरीकडे जायला वाट राहू नये. तिनं मान खाली घातली.

"हिचं तान्हं गेलं, हुजूर," मार्जरी म्हणाली.

"बाई, मूल आजारी होतं का?"

खोलीत सगळ्यांचे डोळे तिच्यावर होते. खरं सांगायचं तर पुढचा प्रश्न आलाच असता. मग दाई का बोलावली नाहीत?

"नाही हुजूर," टॉमसिन म्हणाली. "चांगलं धडधाकट होतं. ती बोलली आणि त्यानं दूध सोडलं."

कारकुनाची लेखणी करकरली.

"आणि मुलगी? तुमची मुलगी तिच्याकडे जाते म्हणे."

"तिला तिनं ओढून घेतलंय, हुजूर. जन्मताच तिच्या तोंडात फुंकर घातली. त्या दिवसापासून पोरीत तिचाच श्वास आहे. माझ्याकडे बघतसुद्धा नाही." हे सांगताना टॉमसिनला रडू आलं आणि त्या रडण्यात खोटं काहीच नव्हतं.

सिसलीला आत आणलं. सर हम्फ्रींना नातवंडं होती. त्यांनी तिला साखरेत घोळवलेले बदाम दिले आणि गोड आवाजात विचारलं, "तुझ्या पेलमाईकडे कोण कोण असतं?"

आजवर कुणी मोठ्या माणसानं सिसलीला पेलमाईबद्दल विचारलंच नव्हतं. पोर खुलली. "शेळी असते. आणि जॅक. तो काळा आहे. तो बोलतो."

"काय बोलतो?"

"माझं नाव घेतो. ये म्हणतो."

"आणि खातो काय?"

"दूध. बोटानं पाजायचं. कधीकधी चावतो, हे बघा." तिनं बाही वर सारून दंडावरचा लालसर ओरखडा अभिमानानं दाखवला. "पण पेलमाईला तर रोज चावतो. ती म्हणते, घे बाबा, तुझंच आहे."

कुणी हसलं नाही. कारकुनानं वर बघितलं आणि पुन्हा खाली मान घालून भराभर लिहू लागला. काय होतंय ते टॉमसिनला कळत होतं. चेटकीण सैतानाला पाखराच्या रूपात पाळते आणि आपलं रक्त पाजते, असं सगळेच मानत. पोरीला पाखराचा लळा लागलाय, दुसरं काही नाही, एवढं म्हणायला तिला एक श्वास पुरला असता. पण ती सिसलीच्या तोंडाकडे बघत होती. गाल लाल झालेले, डोळे चमकणारे, हात हवेत. आपल्या घरात हा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता. आपल्याबद्दल कुणी विचारलं तर ही असं बोलेल का? टॉमसिननं ओठ घट्ट मिटले.

एव्हिसला धरायला माणसं गेली तेव्हा त्यांनी आधी कावळ्याची मान मुरगळली. बायकांनी म्हातारीचं अंग तपासलं आणि सैतानाला पाजल्याची त्यांना हवी ती खूण सापडली. साठीच्या बाईच्या अंगावर चामखीळ शोधायला वेळ लागत नाही.

खटला परगण्याच्या गावी उभा राहिला. न्यायालय खचाखच भरलेलं. एव्हिस तुरुंगात निम्मी झाली होती, पण आवाज तोच होता.

"फुंकर मी घातली, हे खरं आहे," ती म्हणाली. "पोरीच्या आईसमोर घातली. तिला विचारा, त्या वेळी तिनं मला थांबवलं का?"

न्यायाधीश टॉमसिनकडे वळले. "थांबवलंत?"

"माझ्या अंगात त्राण नव्हतं, हुजूर."

तेही खरंच होतं. खऱ्याच्या आधारानं खोटं कसं उभं राहतं, ते टॉमसिन त्या दिवशी शिकली. सिसलीचे शब्द कारकुनानं वाचून दाखवले. इथं ते गोड लागले नाहीत.

निकालानंतर कैद्यांना बाहेर नेताना एव्हिस तिच्या अगदी जवळून गेली. शिवी येईल, शाप येईल म्हणून टॉमसिन अंग चोरून उभी राहिली.

"पोरीला आणलं नाहीस," एव्हिस म्हणाली, "ते बरं केलंस."

टॉमसिनला शाप परवडला असता. फासावर जाणारी बाई, आणि अजून तिला माझ्या पोरीचं काय बरं-वाईट ते ठरवायचंय. परतीच्या वाटेवर गाडीत तिला तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा टोचत होतं. एव्हिस मरणार याची लाज तिला नंतर वाटली. त्या दिवशी नुसती जळफळ होती.

फाशीला ॲम्ब्रोज गेला, एकटाच. परत आला आणि गोठ्यात जाऊन बसला. गावानं झोपडीची लाकडं जळणाला वाटून घेतली.

सिसलीला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण मार्जरीनं एकदा चर्चच्या दाराशी तिच्या गालाला हात लावून म्हटलं, "गुणाची ग बाई. तू बोललीस म्हणून गावाची पीडा टळली."

पोर घरी आली. "आई, मी काय बोलले?"

"जे खरं होतं तेच बोललीस."

सिसलीनं पुन्हा विचारलं नाही. आणि त्या दिवसापासून टॉमसिनला जे हवं होतं ते सगळं मिळालं. पोर कुंपणाबाहेर गेली नाही. हाक मारली की "आले आई," खायला वाढलं की "पुरे आई." केस विंचरायला स्वतःहून येऊन बसायची. टॉमसिन आता हळू हातानं विंचरी, कधी पाठीवर थोपटी. पोर थोपटून घ्यायची, जसं जनावर दूध काढू देतं.

मेलेल्या माणसाचा हेवा करणं फार कठीण. जिवंत माणसाचं काहीतरी चुकतं, ते म्हातारं होतं, खेकसतं, त्याचा कंटाळा येतो. एव्हिसचं आता काहीच चुकणार नव्हतं. सिसली पीठ मळताना मनगट आत वळवायची, ती लकब एव्हिसची. गाय व्यायला आली की तिच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटायची, तेही तिचंच. टॉमसिन बघायची आणि जळायची, आणि ते जळणं कुणाला दाखवायची सोय राहिली नव्हती.

वर्षं गेली. राणी गेली, राजा आला आणि चेटकाचा कायदा आणखी कडक झाला. गावात दाई उरली नव्हती. बायका एकमेकींच्या अंदाजानं बाळंत होत आणि कित्येकदा होत नसत. सिसली सतरा वर्षांची असताना मार्जरीची सून अडली. दोन दिवस अडली. शेवटी मार्जरीच धावत आली. "सिसलीला पाठव. तिला येतं, मला माहीत आहे तिला येतं."

सिसलीनं आईकडे बघितलं नाही. कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि गेली. सून वाचली. मूल आधीच पोटात गेलं होतं.

महिना लोटला नाही तोच विहिरीवर कुजबुज सुरू झाली. टॉमसिन घडा घेऊन आली तशी बायका गप्प झाल्या, पण मार्जरीचं वाक्य पुरं व्हायला थोडा उशीर झाला. "...आणि तिच्यात श्वास कुणाचा आहे ते का कुणाला ठाऊक नाही? तिच्या आईनंच सांगितलंय ते, न्यायाधीशासमोर."

टॉमसिननं हातातला घडा हळूच खाली ठेवला. पडला असता.

त्याच दुपारी तिनं ॲम्ब्रोजला सांगितलं, गाडीवान बुधवारी इप्सविच बंदराला जातोय, पोरीला त्याच्याबरोबर पाठवायचं. तिकडे शिडं शिवणाऱ्या एका कुटुंबाला घरकामाला मुलगी हवी होती. ॲम्ब्रोजनं मान हलवली. सिसली ऐकत होती.

"तुझ्यासाठीच म्हणतेय," टॉमसिन म्हणाली.

"कळतंय मला."

"तू त्या वेळी लहान होतीस. तुझा काही दोष नव्हता."

सिसली कपड्यांचं गाठोडं बांधत होती. गाठ मारून झाल्यावर ती म्हणाली, "मला माहीत आहे आई. मी सांगितलं ते सगळं खरं होतं. पाखरू होतं, दूध होतं, ओरखडा होता. नेड धडधाकट होता, असं मी नाही सांगितलं."

दहा वर्षं ही पोर "आले आई" म्हणत हे पोटात घेऊन वावरत होती. 

"मला तुझा हेवा नव्हता वाटत," टॉमसिन कशीबशी म्हणाली. "तिचा वाटायचा."

"का? मी तुझ्याच घरी यायचे ना झोपायला."

एवढं बोलून ती थांबली, आईच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि गाठोडं उचललं. गाडी वळणाआड जाईपर्यंत तिनं मागं वळून बघितलं नाही.

पुढच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर टॉमसिन बाकावरून उठून उभी राहिली. बायकांनी चर्चमध्ये बोलायची रीत नव्हती. ती म्हणाली, "माझा नेड जन्मापासून आजारी होता. त्याला कुणी काही केलं नाही. एव्हिस पेल त्याला बघायला येते म्हणाली होती, मीच येऊ दिलं नाही. मी न्यायाधीशासमोर खोटं बोलले. माझ्या मुलीतही कुणाचा श्वास नाही. तिचा तिचाच आहे."

कुणीतरी खोकलं. पाद्रीबाबा उतरून तिच्याजवळ आले आणि सौम्यपणे म्हणाले, "घरी जा बाई. दुःखानं तुमचं मन थाऱ्यावर नाही."

"मन आत्ताच थाऱ्यावर आलंय, बाबा."

"ज्या निवाड्यावर एवढ्या मोठ्या लोकांनी शिक्कामोर्तब केलं, तो चुकला म्हणता? मग हे तुमच्या तोंडून कोण बोलतंय, त्याचाही विचार करा."

ती घरी आली. तिच्यावर खटला झाला नाही. सर हम्फ्री वारले होते आणि त्यांच्या मुलाला शिकारीतून सवड नव्हती. सिसलीबद्दलची कुजबुजही हळूहळू थांबली. ती थांबली आणि टॉमसिनबद्दलची सुरू झाली. गावाला कुणीतरी लागायचंच. मार्जरीनं तिच्याकडून यीस्ट उसनं न्यायचं बंद केलं. मुलं तिच्या कुंपणावरून जाताना पळत जात. टॉमसिननं त्यांना कधी हटकलं नाही.

गाडीवान वर्षातून दोन-तीनदा इप्सविचहून निरोप आणायचा. सिसली बरी आहे. सिसलीला खोकला झाला होता, आता बरा आहे. बंदरावरच्या बायका तिला अडीनडीला बोलावतात. ॲम्ब्रोज वारल्यानंतर निरोप ऐकायला टॉमसिन एकटीच उरली. गाडीवान म्हातारा, बोलका माणूस होता.

"मालकीण कशी आहे तिची?" एकदा तिनं विचारलं.

"बाई लाख माणूस. मुलगी मानलंय तिनं. दोघी शिडं शिवत बसतात आणि एवढ्या हसतात, एवढ्या हसतात, की मला बाहेर ऐकू येतं."

टॉमसिनच्या काळजात कळ उठली. इतक्या वर्षांत ती बोथट झाली असेल असं तिला वाटलं होतं. तिनं दाराची चौकट धरली आणि कळ ओसरेपर्यंत उभी राहिली. मग आत गेली, फळीवर मुरत ठेवलेलं चीज उतरवलं, स्वच्छ फडक्यात बांधलं आणि गाडीवानाच्या हातात दिलं.

"सिसलीला देऊ?"

"नाही," ती म्हणाली. "त्या बाईला द्या. सिसलीच्या आईनं दिलंय म्हणावं."